ख्रिस्ती पुराणांतील पश्चात्तापविचार

बडोद्याच्या मराठी कीर्तनश्रोत्याला अजामिळाचे आख्यान नव्याने सांगावयास नको. मरणसमयी पुत्राला हाक मारताना नारायणाचे नाव मुखी आले आणि तो पतित यमदूतांच्या हातून सुटला. गोमंतकातील जेझुइट कवींनी सतराव्या शतकात ईश्वरी क्षमेचा हाच विषय कॅथलिक श्रद्धेच्या अंगाने ओवीत आणला. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. फादर एत्येन द ला क्रुआ यांच्या पेत्रचरित्रपर पुराणाचे मुद्रण गोव्यात १६२९ मध्ये सुरू झाले. आपले अभ्यासक या ग्रंथांकडे वळतात ते बहुधा भाषेच्या नमुन्यासाठी. त्यांच्या आशयाची चिकित्सा त्यामानाने थोडी झाली आहे.

या आशयाचे मर्म पेत्र आणि यहूदा यांच्या कथेत आहे. दोघेही शिष्य, दोघेही एकाच रात्री ढळले. पेत्राने गुरूला तीनदा नाकारले; यहूदाने त्याला तीस नाण्यांना विकले. यहूदालाही पश्चात्ताप झाला, हे पुष्कळदा विसरले जाते. मत्तयाच्या शुभवर्तमानात तो आपले पाप बोलून दाखवितो आणि नाणी परत करतो. १५५१ साली त्रेंतच्या धर्मसभेने प्रायश्चित्त संस्काराची जी तीन अंगे सांगितली, ती म्हणजे अनुताप, पापनिवेदन आणि परिमार्जन, त्यांची बाह्य खूण यहूदाच्या वर्तनात दिसते. उणी पडली ती क्षमेची आशा. पाप कोणाचे मोठे, यावर दोघांतील भेद ठरत नाही; एक निराशेकडे वळला, दुसरा रडत का होईना, गुरूकडे परतला.

पेत्राचे अश्रू तरी केवळ त्याचे कोठे आहेत? लूकाच्या वृत्तांतानुसार येशूने वळून त्याच्याकडे पाहिले आणि मग तो बाहेर जाऊन रडला. कृपादृष्टी आधी, अनुताप नंतर. भागवताच्या सहाव्या स्कंधातही अजामिळ आधी सुटतो आणि मग पस्तावतो. पुढे मात्र वाटा भिन्न होतात. अजामिळ संसार सोडून गंगाद्वारी जातो. पेत्राला, जितक्यांदा नाकारले तितक्यांदा प्रेमाची कबुली द्यावयास लावून, मेंढरे राखण्याचे काम सोपविले जाते. कॅथलिक परंपरेने ज्याला आद्य धर्माध्यक्ष मानले, तो असा एकदा ढळलेला मनुष्य आहे. मानवी दुर्बलतेची याहून स्पष्ट कबुली कोणती?

येथेच एक आक्षेप नोंदविणे प्राप्त आहे. द ला क्रुआ यांच्या ग्रंथाच्या पोर्तुगीज शीर्षकातच पूर्वेकडील ‘मूर्तिपूजकांच्या’ चुकांचे खंडन करण्याचा हेतू सांगितला आहे. गोव्यात १५६० पासून धर्मन्यायासन चालू होते, हा संदर्भही दृष्टीआड करता येत नाही. क्षमा पावलेल्या पेत्राची कथा सांगणाऱ्याने इतरांच्या श्रद्धेचा न्याय करताना तीच करुणा दाखवू नये, ही विसंगती त्या काळाची खरी. तथापि आशयाच्या दृष्टीने ती वैगुण्यच ठरते. पेत्राला नाकारण्याची लाज होती, म्हणूनच तो दुसऱ्यांचा पाळक होण्यास पात्र ठरला, हे त्याच्या चरित्रकारानेच विसरावे काय?

एवढे मान्य करूनही, अनुतापाच्या मराठी कवितेचा विचार या पुराणांवाचून अपुरा राहील. अध्यापकांनी अजामिळ आणि पेत्र यांची आख्याने एकदा वर्गात शेजारी ठेवून वाचावीत. भाषेच्या नमुन्यापलीकडे या ओव्यांत काय आहे, ते विद्यार्थ्यांना आपोआप कळेल.