सभासदाच्या ‘दोन तक्षिमा’ : समप्रमाण साऱ्याची चिकित्सा

कृष्णाजी अनंत सभासद यानें सन १६९७ मध्यें जिंजी येथें राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिलेली बखर कै. काशिनाथ नारायण साने यांनीं काव्येतिहाससंग्रहांत प्रसिद्ध केल्यापासून तिच्यांतील जमाबंदीचें कलम आमच्या अभ्यासकांच्या तोंडीं बसलें आहे. पिकाचे पांच वांटे धरून तीन रयतेकडे ठेवावे व दोन सरकारांत घ्यावे, असा त्याचा आशय. सर्वांस एकच प्रमाण, म्हणून सर्वांस सारखा न्याय, असा निष्कर्ष त्यावरून सहज काढला जातो. अलीकडे या प्रश्नास नवें निमित्तही मिळालें आहे. एस्तोनियानें सन १९९४ मध्यें उत्पन्नावर सरसकट २६ टक्के व रशियानें सन २००१ मध्यें १३ टक्के कर बसविला. पुढें सन २०२१ मध्यें रशियानें मोठ्या उत्पन्नास दुसरा दर लावून तो एकसारखेपणा मोडला. अशा वादांत शिवकालीन दोन-पंचमांशाचा दाखला पुढें करण्याचा मोह होतो. तो दाखला कितपत टिकतो हें पाहणें या लेखाचा हेतु आहे.

प्रथम मूळ ग्रंथाकडे पाहूं. सभासद काठीचें माप देतो, वीस काठ्या औरस-चौरस म्हणजे एक बिघा व १२० बिघ्यांचा चावर असें सांगतो, गांवोगांव चौकशी झाल्याचें नमूद करितो, आणि बिघ्यास येणाऱ्या पिकाचा आकार करून मग वांटणी सांगतो. वाचक वांटणीवर नजर ठेवितात आणि ‘आकार’ या शब्दावरून पुढें सरकतात. वस्तुतः सर्व गोम त्या शब्दांत आहे. दोन-पंचमांश खरे, पण कशाचे? बिघ्यास पीक किती हें कोणी तरी ठरविल्याशिवाय त्या अपूर्णांकास अर्थ नाहीं, आणि तें ठरविणें एकट्या कारकुनाचें काम नव्हे. अपूर्णांक अचल राहिला तरी आकार चल आहे. शिवाय त्याच प्रकरणांत नव्या रयतेस गुरें, बीं व पोटास दाणापैका द्यावा आणि तो ऐपत पाहून दोन-चार वर्षांत उगवून घ्यावा असेंही सभासद लिहितो. ज्या व्यवस्थेंत ऐपत पाहिली जाते ती केवळ समप्रमाणाची व्यवस्था नव्हे. सभासद स्तुतिपर लेखक आहे, महाराजांच्या निधनानंतर सुमारें सतरा वर्षांनीं लिहीत आहे, हें ध्यानांत ठेवूनही या दोन वाक्यांस अविश्वासार्ह मानण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. तीं त्या कलमाच्या लोकप्रिय अर्थाविरुद्ध जातात, एवढेंच.

समप्रमाणाचा दोष गणितानें चटकन् दिसतो. समजा, दोन शेतांत प्रत्येकीं २० मण धान्य झालें. एकास नदीचा गाळ, खर्च ६ मणांचा. दुसरें विहिरीच्या मोटेवर, बैल, नाडा व मजुरी धरून खर्च ११ मणांचा. सरकारचे दोन वांटे दोन्हीकडे ८ मण. खर्च वजा जातां पहिल्याच्या १४ मणांतून ८ गेले, ६ उरले. दुसऱ्याच्या ९ मणांतून ८ गेले, आणि वर्षभर पाठ मोडून त्याच्या हातीं मण एक राहिला. प्रमाण तेंच, एकानें आपल्या लाभाचा निम्म्याहून थोडा अधिक दिला, दुसऱ्यानें जवळजवळ सर्व दिला. (आंकडे समजुतीकरितां कल्पिले आहेत, कोणत्याही दप्तरांतील नव्हेत.)

ही गोष्ट आमच्या धर्मशास्त्रकारांस ठाऊक नव्हती असें म्हणणाऱ्यांनीं ग्रंथ उघडून पाहिले नाहींत. ‘राजा षड्भागाचा अधिकारी’ हें वचन शाळेंत पाठ होतें व तेथेंच राहतें. मनूच्या सातव्या अध्यायांत धान्याचा सहावा, आठवा किंवा बारावा भाग असे तीन पर्याय एकाच श्लोकांत आहेत. आणि हे पर्याय राजाच्या लहरीवर नसून भूमीची प्रत व नांगरटीचे कमीअधिक कष्ट यांवर आहेत, असा कुल्लूकभट्टाचा स्पष्ट अभिप्राय आहे. त्याच्याही पूर्वींच्या मांडणींत मनु म्हणतो कीं राजास व काम करणाऱ्यास, दोघांसही फळ मिळेल असें पाहून कर बसवावा. कौटिल्य तर दुसऱ्या अधिकरणांत उदकभागाचे दरच निराळे लावितो. हातानें पाणी काढणाऱ्यास पांचवा, खांद्यावरून वाहणाऱ्यास चौथा, यंत्रानें प्रवाह आणणाऱ्यास तिसरा. कष्ट जास्त तेथें राजाचा वांटा कमी. शुक्रनीतीचा काळ वादग्रस्त आहे, म्हणून तिचा आधार आम्ही वेगळा ठेवितों. पण तिच्यांतही नदीच्या पाण्यावरील जमिनीस अर्धा भाग व खडकाळ जमिनीस सहावा, अशी चढउतार आहे. तेव्हां ‘एक प्रमाण’ ही प्राचीन परंपरा नव्हे.

समप्रमाणाचा एक गुण मात्र मान्य केलाच पाहिजे. आंकडा सर्वांस माहीत असला म्हणजे मधल्याचा हात आंखडतो. पूर्वी देशमुख, पाटील मनास येईल तें घेत, वाडेहुडे बांधून बळावले होते, त्यांचे हक्क महाराजांनीं नेमून दिले, असें सभासदच सांगतो. त्या स्थितींत दोन वांट्यांचा उघड नियम हा दुबळ्या कुळाचा आधार होता. पण आधार म्हणजे न्यायाचें माप नव्हे.

तें माप कोठें ठरत असे, हें एल्फिन्स्टनच्या सन १८१९ च्या अहवालावरून कळतें. मामलेदार व पाटील यांची बोलणी होई. पाटील गांवची हलाखी सांगे, मामलेदार मागील सालांचे वसूल दाखवी. न पटल्यास माणूस पाठवून शेतें पाहिली जात. तरीही मिटलें नाहीं तर पिकाची प्रत्यक्ष बटाई हा शेवटचा मार्ग असे. बटाईचें भय दोघांसही होतें, म्हणून सामान्यतः बोलण्यावरच मिटे. ज्यास आज वाटाघाट म्हणतात ती हीच. तिच्यांत दोन्ही पक्षांस गांव ओसाड न पडणें हिताचें होतें. पडीत जमिनीस इस्ताव्याचा कौल देऊन सारा वर्षावर्षानें चढविण्याची रीत याच समंजसपणांतून आली.

तथापि या बैठकीचें चित्र फार गोड रंगवूं नये. पाटील गांवाच्या वतीनें कबूल होई, पण ठरलेली बेरीज आंत कशी वांटली जाई? मिरासदारावर ठरीव सारा, उपऱ्यास टिकवून धरण्यासाठीं हलका दर, तूट आली कीं पट्टी. आणि पट्टी कोणाच्या उंबऱ्यावर थांबे हें पाटलाच्या सोयऱ्याधायऱ्यांवर अवलंबून. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, ज्यांचे श्रम वेठीच्या रूपानें जात, त्यांचा आवाज त्या बैठकींत गणला जात नसे. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानींत महाल मक्त्यानें देण्याची चाल पडली, तेव्हां तर बैठकच उरली नाहीं. बोली अधिक करणाराच मालक झाला.

या वादाची खरी कसोटी इंग्रजी अमलांत झाली. पुणें जिल्ह्यांत प्रिंगल या अधिकाऱ्यानें सन १८३० च्या सुमारास नवी जमाबंदी केली. हा हेलीबरी येथें माल्थसच्या हाताखालीं शिकलेला. त्यानें वर दाखविलेला दोष ओळखला होता. म्हणून एकूण पिकावर न जातां खर्च वजा जातां राहणाऱ्या निव्वळ उत्पन्नावर सरसकट ५५ टक्के घ्यावे असें त्यानें ठरविलें. तत्त्व निर्दोष; फळ काय? खर्च-उत्पन्नाचे आंकडे कारकुनांच्या कागदांवरून आले, त्यांत चुका व लांचलुचपत शिरली, धान्याचे भाव घसरले, आणि इंदापुरासारख्या तालुक्यांत शेतें पडीत पडूं लागलीं. गावकऱ्यांस विचारून जें कळलें असतें तें सूत्रानें कळलें नाहीं. सन १८३६ मध्यें गोल्डस्मिड व विंगेट यांनीं इंदापुरापासून पुन्हां आरंभ केला. निव्वळ उत्पन्नाचा हिशेब सोडून मागील वसूल, भाव व स्थिति पाहून गांवांच्या समूहावर एकूण रक्कम ठरविली, आणि जमिनीच्या खोलीवरून व दोषांवरून तिची आणेवारीनें विभागणी केली. येथेंही रयतेशीं बोलणें नव्हतें. परंतु न परवडणारा नंबर राजीनामा देऊन सोडण्याची मोकळीक होती. मुकी असली तरी ती एक संमतीच.

आतां संग्राहकांस एक विनंति. दप्तरें फोडतांना शिक्कामोर्तबाचीं पत्रें निवडून ठेविलीं जातात व गांवची झडती, लावणीपत्रक, कौलाच्या नकला, पाटलाची कबुलायत हे कागद रद्दींत जातात. प्रमाण काय होतें हें बखर सांगते. आकार कसा झाला हें या कागदांतच आहे. विशेषतः एकाच गांवचे लागोपाठ आठ-दहा सालांचे कागद एकत्र सांपडले, तर ते सुटे करून वाटूं नयेत. एका सालची बेरीज मुकी असते. दोन सालांच्या बेरजांत फरक दिसला आणि समासांत सूट, तहकुबी किंवा पट्टी असा शेरा असला, म्हणजे त्या वर्षीं कोण बोललें, कोणाचें ऐकलें गेलें आणि ओझें कोणाच्या पाठीवर सरकलें, हें वाचतां येतें.