चालींचें गणगोत

'मानापमाना'चा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजीं झाला. त्याच दिवशीं बालगंधर्वांची मुलगी वारली आणि तरीहि ते रंगभूमीवर उभे राहिले. ही कथा ज्यास ठाऊक नाहीं असा नाट्यरसिक विरळा. पण त्या नाटकाच्या चाली गोविंदराव टेंबे यांनीं कोठून आणल्या असें विचारावें, तों हाच रसिक गप्प बसतो. गायकांचीं चरित्रें आम्ही चवीनें सांगतों. त्यांच्या कृती एकमेकींत कशा गुंतल्या याकडे मात्र कान देत नाहीं.

शूमान, क्लारा व ब्राम्स यांच्या त्रिकुटावर युरोपांतहि प्रेमकथेचाच भडिमार आहे. परंतु तेथें कागद शाबूत आहे. शूमानच्या एकाच लहानशा रचनेवर १८५३ सालीं त्याच्या पत्नीनें, आणि पुढच्या वर्षीं, तो वेड्यांच्या रुग्णालयांत असतां, तरुण ब्राम्सनें स्वररूपांतरें रचलीं. ब्राम्सनें आपलीं क्लारेस अर्पण केलीं. तिन्ही शेजारीं ठेवावीं, म्हणजे कोणी कोणापासून काय घेतलें तें पत्रांवांचून कळतें. बीडसारख्या गावीं राहणाऱ्या आमच्यासारख्यास तें ध्वनिमुद्रणांवरूनच ऐकावें लागतें, हा भाग वेगळा.

आमच्याकडेहि असा पुरावा अगदींच नाहीं असें नव्हे. जुन्या नाटकाच्या पुस्तकांत पदाच्या माथ्यावर राग, ताल आणि 'चाल अमुक' अशी ओळ असते. कर्जाची एवढी उघड कबुली क्वचितच कोठें आढळेल! शिवाय दैवानें येथें तुलनेची सोयहि करून ठेविली आहे: 'मानापमान' आणि १९१६ चें 'स्वयंवर', दोहोंचे नाटककार खाडिलकर, दोहोंची नायिका बालगंधर्व, बदलला तो फक्त चाली देणारा.

टेंब्यांनीं पूर्वेकडील ठुमरी-कजरीचा लवचिक बाज आणला. 'स्वयंवरा'स चाली दिल्या त्या भास्करबुवा बखले यांनीं. फैजमहंमदखां, नत्थनखां आणि अल्लादियाखां या तीन निरनिराळ्या परंपरांच्या उस्तादांपाशीं बसलेला हा गवई लहानपणीं किर्लोस्कर मंडळींत नट होता. बुवांच्या गाण्यास टेंबे हार्मोनियमची साथ करीत व त्यांस गुरुस्थानीं मानीत. म्हणून आम्हांस वाटतें कीं, यमन, भीमपलास, बिहाग यांच्या भरदार चालींनीं नटलेलें 'स्वयंवर' म्हणजे वडील माणसानें धाकट्यास दिलेलें उत्तर होय.

तें उत्तर श्रेष्ठ ठरलें, असा सर्वसाधारण निर्वाळा आहे. गाणें म्हणून तो आम्हांस मान्य आहे. नाटक म्हणून नाहीं. ख्यालाच्या बंदिशींत खाडिलकरांचे शब्द दाटीवाटीनें बसतात, आणि रुक्मिणी बोलावयाची थांबून गावयास लागते. भामिनी गातां गातां बोलते. हें श्रेय टेंब्यांचें, आणि तें त्यांस पुरतें कोणी दिलेलें नाहीं.

हा तंटा मिटविला तो बुवांच्या शिष्यानें. भास्करबुवा १९२२ सालीं वारले. त्यानंतर मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर यांनीं गंधर्व मंडळीसाठीं १९३१ सालीं केलेलें 'कान्होपात्रा' ऐकावें: रागाची शिस्त गुरूची, पण अभंगाचा शब्द कोठें गुदमरत नाहीं. याच कृष्णरावांनीं पुढें 'रागसंग्रहा'च्या भागांतून बंदिशी स्वरलिपीसह छापल्या. ते भाग एका हातीं व 'स्वयंवरा'चें जुनें पुस्तक दुसऱ्या हातीं घेऊन कोणी तरी ओळीनें बसावयास हवें.