जुन्या यंत्राचें नवें वाङ्मय

सन २०२१ च्या ऑगस्ट महिन्यांत 'सुपर मारिओ ब्रदर्स' ह्या १९८५ च्या व्हिडिओ-खेळाची एक प्रत अमेरिकेंत वीस लक्ष डॉलरांस विकली गेली. ही किंमत खेळाची नव्हे. तो खेळ आज कोणासहि थोडक्या पैशांत खेळतां येतो. किंमत होती ती खोक्यावरच्या न फाटलेल्या वेष्टनाची, आणि वेष्टन फाडल्याखेरीज आंतला खेळ खेळतां येत नाहीं! सोंवळ्याच्या वस्त्रांत बांधून देव्हाऱ्यांत ठेवलेली, दसऱ्यास गंधफूल मिळणारी, पण तीन पिढ्यांत कोणीं न सोडलेली पोथी ज्यांनीं आपल्या घरीं पाहिली आहे, त्यांस ह्या व्यवहाराचें फारसें नवल वाटूं नये. संग्राहकांस मी सरसकट नांवें ठेवीत नाहीं. २०१० पूर्वीं अमेरिकेंत निघालेल्या खेळांपैकीं शेंकडा ८७ खेळ आज बाजारांत मिळत नाहींत, असें व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन ह्या संस्थेस २०२३ च्या पाहणींत आढळून आलें. माळ्यावरचीं व भंगारांतलीं यंत्रें कोणीं उचललीं नसतीं तर त्यांतले कित्येक नांवापुरतेहि उरले नसते. परंतु जपणें निराळें आणि वाचणें निराळें. जुन्या यंत्राचे खरे वाचक मला दिसतात ते दुसरेच: त्या यंत्रासाठीं जे आज नवे खेळ रचीत बसले आहेत ते. त्यांच्या कृतींचा विचार येथें करावयाचा आहे, आणि तोहि एकाच यंत्रापुरता. हें यंत्र अटारी कंपनीनें १९७७ मध्यें काढिलें आणि पुढें तें '२६००' ह्या नांवानें प्रसिद्ध झालें.

ह्या यंत्राची काम करण्याची स्मृति अवघी १२८ बाइट. देवनागरीचें एक चिन्ह आजच्या संगणकांत सामान्यतः तीन बाइट जागा घेतें. म्हणजे तींत बेचाळीस चिन्हें राहतील, आणि काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या मोजाव्या लागत असल्यामुळें अनुष्टुभाचा एक श्लोकहि मावणार नाहीं. कार्ट्रिजमध्यें लिहून ठेवावयाचा सबंध प्रोग्रॅम, निराळी युक्ति केल्यावांचून, ४०९६ बाइटांच्या आंत बसवावा लागे. पण खरी अडचण जागेची नाहीं, वेळेची आहे. इतर यंत्रांत पडद्यावरचें चित्र आधीं स्मृतींत रचून ठेवण्याची सोय असते. येथें ती नाहीं. जुन्या टेलिव्हिजनच्या नळींत इलेक्ट्रॉनांचा झोत डावीकडून उजवीकडे एकेक रेघ ओढीत वरून खालीं उतरतो. अमेरिकन पद्धतींत एका चित्रास अशा २६२ रेघा आणि सेकंदास सुमारें साठ चित्रें. ह्या यंत्राच्या प्रोग्रॅमनें त्या झोताच्या बरोबरीनें धांवावयाचें, आणि रेघ ओढली जात असतांनाच तिचा रंग व आकार सांगत जावयाचें. एका रेघेस प्रोसेसरचीं ७६ पावलें मिळतात, आणि साध्यांतली साधी आज्ञाहि दोन पावलें खाऊन टाकते. हिशोब एका पावलानें चुकला तरी चित्र बिघडूं शकतें. आख्यान चालू असतां हरदासानें पुढची आर्या जागच्याजागीं रचावी आणि टाळकऱ्यांनीं त्याच्यासाठीं क्षणभरहि थांबूं नये, तसा हा प्रकार आहे. खेळांत कोण मेलें, गुण किती झाले, हा सारा विचार करावयाचा तो मुख्यतः झोत पडद्याबाहेर असेल तेवढ्या फटींत! शिवाय यंत्र केलें तें 'पाँग' व 'टँक' ह्यांसारख्या खेळांसाठीं. म्हणून त्यास हलत्या वस्तु ठाऊक त्या पांचच: दोन खेळाडू, त्यांच्या दोन गोळ्या आणि एक चेंडू.

असें यंत्र थोड्या वर्षांत अडगळींत जावयाचें. पण त्याचें उत्पादन थांबलें तें १९९२ च्या आरंभास. मधल्या काळांतल्या दोन कृति पुढील विवेचनास हव्या आहेत. दोन्ही १९८२ च्या. पहिली 'पॅक-मॅन'. दुकानांतल्या मोठ्या यंत्रावर गाजलेला हा खेळ टॉड फ्राय ह्यानें २६०० वर आणला. चार भुतें एकाच वेळीं दाखविणें जड, म्हणून त्यानें दर चित्रांत एकच भूत काढिलें. परिणामीं चारीं भुतें अखंड लुकलुकत राहिलीं, आणि खेळ लक्षावधींनीं खपला तरी घेणाऱ्यांची निराशाच झाली. दुसरी कृति डेव्हिड क्रेनचें 'पिटफॉल'. हिच्यांत २५५ दृश्यांचें अरण्य आहे, आणि त्यांतलें एकहि दृश्य कार्ट्रिजमध्यें लिहून ठेवलेलें नाहीं. शून्य आणि एक ह्यांनीं बनलेली आठ स्थानांची एक संख्या. कांहीं स्थानें झाडें ठरवितात, कांहीं खड्डे, कांहीं वाटेंतलीं संकटें. नायक उजवीकडे गेला कीं ठरल्या नियमानें संख्येचीं स्थानें सरकून पुढची संख्या तयार होते, डावीकडे गेला कीं उलट नियमानें मागची. आठ अक्षरांच्या चरणाचे लघुगुरुभेद २५६ होतात हें पिंगलाच्या वाचकांस सांगावयास नकोच. क्रेनच्या अरण्यांत तो सबंध प्रस्तार उतरला आहे. वगळला आहे तो केवळ सर्व शून्यांचा एक भेद, कारण त्यापासून पुढें सरकतांच येत नाहीं. छंदःशास्त्राची वही आणि अमेरिकन पोरांचा खेळ ह्यांची अशी गांठ पडलेली पाहून मला जो आनंद झाला तो अस्थानीं असेल, पण तो लपविण्याचें कारण दिसत नाहीं.

तरी फ्राय काय आणि क्रेन काय, दोघेहि उपाशी होते, उपोषित नव्हते. यंत्र स्वस्त असावें म्हणून कंपनीनें स्मृति कमी घातली, आणि त्यांनीं आहे तेवढ्यांत भागविलें. १९९५ मध्यें 'एडट्रिस २६००' हा खेळ रचणाऱ्या एड फेडरमायरपासून पुढच्या मंडळींची स्थिति अगदीं उलट आहे. त्यांच्या टेबलावर कोट्यवधिपट स्मृतीचें यंत्र उभें असतें. त्याच यंत्रावर जुन्या यंत्राचें सोंग वठविणारा 'स्टेला' नांवाचा प्रोग्रॅम १९९६ पासून मिळूं लागला, आणि अटारींतच १९७९ मध्यें स्टीव्ह राइट ह्यानें लिहिलेली मार्गदर्शिका आतां कोणासहि वाचावयास सांपडते. अशा सुकाळांत जो १२८ बाइटांवर राहतो तो व्रतस्थ होय. उपासमार आणि उपवास, दोहोंतहि पोट सारखेंच रिकामें असतें. परंतु एकास 'कसें भागविलेंस?' असें विचारावयाचें असतें आणि दुसऱ्यास 'कशासाठीं?' असें. ह्या नव्या वाङ्मयाचे स्तुतिपाठक पहिलाच प्रश्न पुनःपुन्हां विचारतात, आणि माझी तक्रार नेमकी तेवढ्यासाठींच आहे.

'कशासाठीं' ह्याचें एक उत्तर मला पूर्णपणें मान्य आहे. पुढें एका हौशी रचनाकारानें तोच 'पॅक-मॅन' त्याच ४०९६ बाइटांत पुन्हां लिहिला. त्यांतल्या भिंती, रंग व भुतांची चाल दुकानांतल्या मूळ खेळाच्या पुष्कळच जवळ गेली. ह्या कृतीस मी टीका म्हणतों, आणि ज्ञानेश्वरीस टीका म्हणतात त्या अर्थानें म्हणतों. १९८२ च्या खेळांतला कोणता दोष यंत्राचा आणि कोणता करणाऱ्याचा, हा वाद शब्दांनीं मिटण्याजोगा नव्हता. तो दुसरी रचना करूनच मिटला. मात्र ही टीका न्यायाची असली तरी फ्रायला कडक पडते हें विसरूं नये. मागून येणाऱ्यास वर्षानुवर्षांची सवड आणि आधींच्या सर्वांच्या युक्त्या हातीं असतात.

आतां 'हॅलो २६००' घ्या. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स यंत्राच्या उभारणींत ज्याचा मोठा वांटा होता त्या एड फ्राइसनें २०१० मध्यें हा खेळ लिहिला. त्याच यंत्रावरचा 'हॅलो' हा अवाढव्य युद्धखेळ त्यानें ४०९६ बाइटांत व चौसष्ट खोल्यांत आणून बसविला. २०१३ मध्यें स्मिथसोनियन अमेरिकन आर्ट म्यूझियमनें तो आपल्या संग्रहांत घेतला. कसब निःसंशय मोठें आहे. पण मोरोपंतांनीं निरोष्ठ रामायण लिहिलें, ओंठांस ओंठ न लावतां म्हणतां येईल असें, तेव्हां त्यांत 'राम' हा शब्दच उच्चारतां येईना. तसेंच कांहींसें येथें झालें आहे. विशालता हाच ज्याचा प्राण, त्याची लहान मूर्ति केली. नियम पाळला गेला आणि राम निघून गेला. माहीत असल्यास वाहवा करावी, नसल्यास एक बेताचा पाठलागाचा खेळ. मम्मटानें चित्रकाव्यास 'अवर' म्हटलें तें अशाच रचना डोळ्यांपुढें ठेवून. केकावलीची पृथ्वीहि बंधनच आहे, परंतु तें वाचतांना आपण गण मोजीत नाहीं.

दुसऱ्या टोंकास व्रत मोडणारे आहेत. अलीकडच्या कित्येक नव्या कार्ट्रिजांच्या पोटांत एक आधुनिक प्रोसेसर बसविलेला असतो. मूळ यंत्र सेकंदाला बारा लक्षांच्याहि आंतच पावलें टाकतें. हा पाहुणा सहा-सात कोटि टाकतो. खेळाचा विचार पाहुण्यानें करावयाचा, आणि यजमानानें सांगितलेले रंग पडद्यावर नेऊन ठेवावयाचे! ह्या पंथाचे लोक क्रेनचा दाखला देतात: १९८४ च्या 'पिटफॉल २' साठीं त्यानेंहि कार्ट्रिजमध्यें एक खास चिप घातली होती. दाखला खरा आहे, पण पुरा नाहीं. क्रेनच्या चिपनें चित्रांचा व संगीताचा भार हलका केला. खेळ चालविण्याचें काम जुन्या प्रोसेसरकडेच राहिलें. हे नवे खेळ दिसावयास अत्यंत देखणे आहेत, आणि ते खेळूं नयेत असें मी म्हणणार नाहीं. एकादशीस साबुदाण्याची खिचडी कोणास आवडत नाहीं? मात्र 'एकादशी, दुप्पट खाशी' हीहि म्हण आपलीच आहे, आणि अशा कृतींवर '१२८ बाइटांचा चमत्कार' अशी पाटी लावणें प्रामाणिकपणाचें नव्हे.

राहतां राहिली 'अ स्लो इयर'. निक मॉन्टफोर्टबरोबर ह्या यंत्रावर 'रेसिंग द बीम' (२००९) हा ग्रंथ लिहिणाऱ्या इयन बोगॉस्टची २०१० ची ही कृति. चार ऋतूंचे चार लहान खेळ. शत्रु नाहीं, धांवाधांव नाहीं. शरदांत झाडावरचें एक पान केव्हां गळेल त्याची वाट पाहावयाची, आणि तें गळूं लागलें म्हणजे खालचा पाचोळ्याचा ढीग त्याच्याखालीं नेऊन ठेवावयाचा. बस्स. येथें प्रथमच यंत्राचें दारिद्र्य कामास आलें आहे. पडद्यावर रंगांचे चार जाड ठोकळे. डोळ्यास रमण्यासारखें दुसरें कांहींच नसल्यामुळें तो त्या एका पानावर खिळून राहतो. हाच देखावा आजच्या यंत्रावर हजारों पानांनिशीं, वाऱ्यानिशीं रंगविला असता तर आपण देखावा पाहिला असता, वाट पाहिली नसती. ज्या यंत्रांत प्रोग्रॅमला श्वास घेण्याची फुरसत नाहीं, त्याच्याकडूनच खेळणाराला स्वस्थ बसविण्याचें काम करून घेतलें आहे. बंधन येथें अर्थाचा भाग झालें आहे, आणि 'कशासाठीं' ह्या प्रश्नास उत्तर मिळतें. एवढें साधल्यावर बोगॉस्टनें खेळाबरोबरच्या पुस्तकांत यंत्राकडून जुळविलेल्या १०२४ हायकू छापल्या, हें मात्र समजत नाहीं. जो एका पानासाठीं इतका वेळ थांबावयास शिकवितो, त्याला हजार कवितांची घाई कां व्हावी?