एकट्याची पाणपोई

गेल्या महिन्यांत आमच्या एका माजी विद्यार्थ्याचें पत्र आलें. हा गृहस्थ दिवसा एका कचेरींत नोकरी करतो, आणि रात्रीं, आज नऊ वर्षें, संकेतस्थळें बांधणाऱ्या लोकांच्या उपयोगाचें एक लहानसें साधन एकट्यानें सांभाळतो. साधन विनामूल्य आहे. ज्या आज्ञांनीं तें चालतें त्या कोणासही वाचतां, उचलतां व बदलतां येतात. पत्रांत त्यानें विचारलें होतें, "सर, हें काम मीं सोडून दिलें तर तो विश्वासघात होईल काय?" आणि शेवटीं एक आठवण दिली होती: "रेमंडचा तो निबंध आपणच मला वाचावयास दिला होता." तें वाक्य वाचून आम्ही वरमलों. उत्तर देण्यापूर्वीं तो निबंध आणि त्याच विषयावरील नंतरचें लेखन पुन्हां एकवार नीट वाचावें, असें आम्हीं ठरविलें. त्या वाचनाचें फलित वाचकांपुढें ठेवीत आहों.

ज्यांचा या विषयाशीं परिचय नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द. ज्या संकेतस्थळावर आपण तिकीट काढतों किंवा विजेचें बिल भरतों, तें बांधणारा कारागीर प्रत्येक वीट स्वतः भाजीत नाहीं. शेंकडों तयार विटा तो दुसऱ्यांकडून घेतो, आणि त्यांतल्या पुष्कळशा कोणीतरी लोकार्पण केलेल्या असतात. अशा लोकार्पित रचनेस 'मुक्तस्रोत' म्हणतात. २२ मार्च २०१६ रोजीं 'लेफ्ट-पॅड' नांवाची अशी एक वीट तिच्या कर्त्यानें, दुसऱ्याच एका नांवाच्या तंट्यांत रागावून, सार्वजनिक भांडारांतून काढून घेतली. ती अवघी ११ ओळींची होती, आणि तिचें काम एवढेंच कीं, एखादा शब्द ठराविक लांबीचा व्हावा म्हणून त्याच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणें. ती जातांच जगभर असंख्य बांधकामें अडलीं, व भांडाराच्या चालकांना कांहीं तासांतच ती पुन्हां जागेवर बसवावी लागली. एवढ्या मोठ्या इमारतीचा भार एवढ्याशा विटेवर होता, हें त्या दिवशीं प्रथमच अनेकांच्या ध्यानांत आलें.

आतां मूळ निबंधाकडे वळूं. एरिक रेमंड यांचा 'दि कॅथीड्रल अँड दि बझार' हा निबंध १९९७ च्या मे महिन्यांत जर्मनींतील वुर्झबर्ग येथील परिषदेंत प्रथम सादर झाला, आणि १९९९ मध्यें पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाला. कॅथीड्रल मोजके स्थपति एकांतांत बांधतात. 'लिनक्स' ही प्रणाली मात्र बाजाराच्या गजबजाटांत वाढली आणि तरीही ढासळली नाहीं, या विस्मयांतून निबंध सुरू होतो. पाहणारे डोळे पुरेसे असले म्हणजे कोणताही दोष फार काळ लपून रहात नाहीं, हा त्याचा मुख्य सिद्धांत. टपाल आणून देणारें 'फेचमेल' नांवाचें साधन लेखकानें स्वतः याच रीतीनें वाढविलें, आणि त्या अनुभवांतून एकोणीस सूत्रें काढलीं. १९९८ च्या जानेवारींत 'नेटस्केप' कंपनीनें आपल्या ब्राउझरचा मजकूर सर्वांस खुला करण्याचें जाहीर केलें, त्या निर्णयावर या निबंधाची छाप होती. व्यापाऱ्याचें धोरण बदलण्याचें भाग्य फार थोड्या निबंधांना लाभतें.

निबंधाची भाषा खेळकर आहे, विचार स्वच्छ आहे, आणि स्वतःवरील प्रयोग सांगतांना लेखकाचा आनंद लपत नाहीं. आम्ही त्यावर लुब्ध झालों तें याचमुळें. परंतु सूत्ररूप लेखनांत एक धोका असतो: सूत्र तोंडीं बसतें आणि त्याची अट विसरली जाते. डोळे पुरेसे असले तर, यांतील 'तर' हा शब्द सर्व सिद्धांताचा कणा आहे. आणि डोळे पुरेसे नसले तर काय करावयाचें, याविषयीं निबंध जवळजवळ मौन पाळतो. वेबवरील गुप्त व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या 'ओपन-एसएसएल' या साधनांत मार्च २०१२ च्या आवृत्तींत एक दोष शिरला. 'हार्टब्लीड' या नांवानें तो जगास कळला एप्रिल २०१४ मध्यें. मधलीं दोन वर्षें अगणित लोक तें साधन वापरीत होते. परंतु तें सांभाळणारे बोटांवर मोजण्यासारखे होते, आणि पूर्ण वेळ देणारा तर बहुतांशीं एकच. वापरणारा आणि वाचणारा हे दोन निरनिराळे प्राणी आहेत, हें रेमंड यांनीं मोजलें नाहीं. बाजारांतील गर्दी गिऱ्हाइकांची असते; दुकान मांडणारा एकटाच असूं शकतो.

नेमकी हीच उणीव नादिया एग्बाल यांच्या 'वर्किंग इन पब्लिक' (२०२०) या ग्रंथानें भरून काढली आहे. त्या मुक्तस्रोत कामांचे चार वर्ग पाडतात. वापरणारे आणि हातभार लावणारे दोन्ही वाढते असले तर तो संघ. हातभार लावणारे पुष्कळ, पण वापरणारे बहुतांशीं तेच, असें असलें तर तें मंडळ. दोन्ही थोडे असले तर तें खेळणें. आणि वापरणारे अफाट व करणारा एखाददुसरा असला तर तें स्टेडियम. वेब-रचनेंतील पुष्कळशीं साधनें या चौथ्या वर्गांत मोडतात. एग्बाल यांचें मुख्य म्हणणें असें कीं, साधनाची आणखी एक प्रत काढण्यास कांहींच खर्च येत नाहीं. खर्च होतें तें सांभाळणाऱ्याचें अवधान. प्रत्येक प्रश्न, प्रत्येक तक्रार त्या अवधानांतून कांहीं उचलते. इतकेंच नव्हे, तर कोणी आपण होऊन सुचविलेली सुधारणासुद्धां ओझेंच ठरते. कारण देणारा देऊन निघून जातो, आणि ती तपासावयाची व पुढें जन्मभर निस्तरावयाची ती एकट्यानेंच. गाय दान मिळाली तरी तिचा चारा रोज आपल्यालाच घालावा लागतो.

हें विवेचन आम्हांस पटलें. ग्रंथांत सांभाळणाऱ्यांचे स्वतःचे अनुभव जागोजाग येतात, आणि लेखिकेचा सूर संयत आहे. तथापि दोन दोष सांगितले पाहिजेत. पहिला, ध्वनिचित्रफिती काढून प्रसिद्धि मिळविणाऱ्या लोकांशीं या कारागिरांची तुलना ग्रंथांत फार लांबते. स्टेडियममधील प्रेक्षक तिकीट काढून आलेला असतो आणि खेळाडूचें नांव त्यास ठाऊक असतें. येथें प्रेक्षक तिकीट काढीत नाहीं, आणि बहुधा खेळ चालू आहे हेंही त्यास ठाऊक नसतें. दुसरा दोष असा कीं, रोगाचें निदान इतकें नेमकें करून लेखिका उपचाराच्या वेळीं हात आखडता घेते. पैसा कोणीं द्यावा, या प्रश्नाभोंवतीं ती फिरते. त्यावर बोट ठेवीत नाहीं.

बोट ठेवणारा लेखक आम्हांस आढळला तो निराळ्याच ठिकाणीं. डेनिस पुष्करेव हे रशियन गृहस्थ 'कोअर-जेएस' नांवाचें साधन सांभाळतात. जावास्क्रिप्ट या भाषेंत ज्या नव्या सोयी येतात त्या जुन्या ब्राउझरांना उपलब्ध करून देणें हें त्याचें काम; आणि जगांतील अनेक मोठमोठीं संकेतस्थळें त्याच्या आधारानें उभीं आहेत. २०२३ च्या फेब्रुवारींत त्यांनीं 'आतां पुढें काय?' अशा अर्थाच्या मथळ्याचें एक दीर्घ निवेदन प्रसिद्ध केलें. वर्षानुवर्षें जवळजवळ एकट्यानें केलेलें काम. साधन बसवितांना पडद्यावर मदतीची आणि नोकरीची विनंति दाखविली म्हणून मिळालेल्या शिव्या. २०२० सालीं रस्त्यावरील अपघाताच्या खटल्यांत तुरुंगांत काढलेले महिने, आणि त्या काळांत काम पुढें नेण्यास कोणीही नसणें. हें सर्व त्यांत आहे.

वाङ्मय म्हणून पाहिलें तर हें निवेदन सदोष आहे. त्यांत पुनरुक्ति आहे, संताप आहे, आणि कोठें कोठें स्वतःची कींवही आहे. परंतु रेमंड यांच्या चटकदार सूत्रांत आणि एग्बाल यांच्या नेटक्या वर्गीकरणांत जें सांपडत नाहीं तें यांत आहे: काम करणाऱ्याचा स्वतःचा जमाखर्च. आमच्याकडे एक म्हण आहे, 'धर्माची गाय, आणि दांत कां गे नाय?' फुकट घेणाऱ्यानेंच कुरकूर करावी, या अनुभवाचें इतकें सविस्तर चित्र आम्हीं दुसरीकडे वाचलेलें नाहीं. तिन्ही लेखनांत कलेच्या दृष्टीनें हें सर्वांत कच्चें, आणि सत्याच्या दृष्टीनें सर्वांत भरींव, असा आमचा अभिप्राय आहे.

तिघांच्याही वाचनानंतर आम्हांस वाटलें कीं, कॅथीड्रल, बाजार, स्टेडियम या सर्व उपमा परक्या म्हणून नव्हे, तर अपुऱ्या म्हणून टाकाव्या. या कामास शोभणारी उपमा पाणपोईची आहे. उन्हाळ्यांत रस्त्याच्या कडेला पाणपोई असते. येणारा जाणारा पाणी पितो, पुढें जातो, आणि रांजण कोणीं भरला हें विचारीत नाहीं. त्यानें विचारावें अशी अपेक्षाही नसते. परंतु आपल्या पूर्वजांनीं एक भेद ओळखला होता. पाणपोई घालणारा दाता निराळा; त्याचें नांव पाटीवर असे आणि पुण्य त्याच्या पदरीं पडे. रांजण भरणारा निराळा. त्यास दाता मजुरी देई. दान एकदां होतें, पण रांजण रोज भरावा लागतो. मुक्तस्रोताच्या या व्यवस्थेनें दात्याची आणि मजुराची जागा एकाच माणसास दिली, आणि मजुरी तेवढी कोणाकडेच ठेविली नाहीं. येथेंच सर्व घोटाळा आहे. निर्मिति हें दान असूं शकतें. सांभाळ हे श्रम आहेत, आणि त्यांस दान म्हणणें ही पिणाऱ्यांची सोय आहे.

आतां विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊं. रेमंड यांच्या एका सूत्राचा आशय असा कीं, कामांतील रस संपला म्हणजे तें लायक वारसाच्या हातीं देणें हें कर्त्याचें शेवटचें कर्तव्य होय. सूत्र उदात्त आहे. पण एकट्या माणसास वारसाची पारख करण्यास वेळ कोठून मिळावा? २०१८ सालीं 'इव्हेंट-स्ट्रीम' या साधनाच्या थकलेल्या कर्त्यानें तें आपण होऊन पुढें आलेल्या एका अनोळखी इसमाच्या स्वाधीन केलें. त्या साधनाच्या पोटांतून थोड्याच दिवसांत लोकांचें आंतरजालीय चलन चोरणारा मजकूर पसरला. 'एक्स-झेड' या साधनाच्या एकट्या सांभाळणाऱ्याचा विश्वास एका मदतनिसानें दोन वर्षांहून अधिक काळ काम करून संपादन केला आणि त्यांत चोरवाट ठेविली. ती २९ मार्च २०२४ रोजीं आंद्रेस फ्रॉइंड यांनीं उघडकीस आणली. संगणकाचें एक काम अर्ध्या सेकंदानें मंदावलें, एवढ्यावरून त्यांना संशय आला होता. थकलेल्या माणसानें घाईनें दिलेली किल्ली कोणाच्या हातीं पडेल याचा नेम नाहीं.

म्हणून आम्हीं त्यास जें लिहिलें तें असें. विश्वासघात होत नाहीं. ज्या परवान्यानें तूं साधन लोकांस दिलेंस त्यांतच, जसें आहे तसें घ्यावें, हमी कांहीं नाहीं, असें स्पष्ट म्हटलेलें आहे. आणि तुझ्या नऊ वर्षांचा मजकूर कोणी हिरावून घेतलेला नाहीं, ज्यास पाहिजे त्यानें तो उचलून पुढें न्यावा. मात्र 'लेफ्ट-पॅड'च्या कर्त्याप्रमाणें रागानें रांजण फोडूं नको, आणि पहिल्या येणाऱ्याच्या हातीं घागरही देऊं नको. तारीख अगोदर जाहीर कर. तोंवर कोणा ओळखीच्या माणसाची खरी पारख झाली तर ठीक, नाहींतर रांजण पालथा घाल आणि येथें आतां पाणी भरलें जात नाहीं अशी पाटी लाव. भरलेल्या दिसणाऱ्या रांजणांत शिळें पाणी राहूं देणें, एवढाच काय तो विश्वासघात होईल. आणि रेमंडचा निबंध आम्हीं तुला अर्धाच समजावून दिला, ही चूक आमची आहे.

वाचकांस एवढेंच सांगावयाचें आहे. तुमच्यापैकीं अनेकांचीं मुलें-मुली आज अशा कंपन्यांत आहेत कीं, जेथें या विटांवर मजल्यांवर मजले चढतात. त्या घरीं आल्या म्हणजे त्यांना एक प्रश्न अवश्य विचारावा: तुमच्या इमारतीखालचा रांजण कोण भरतो, आणि त्याची मजुरी कोण देतो? उत्तर ठाऊक नाहीं असें म्हणतील, तर शोधून काढण्यास सांगावें.