दुपटीची मापे आणि ‘बिट-फ्लोअर’ ही संज्ञा

सी प्लस प्लस या संगणकभाषेच्या २०२० सालच्या मानकात चिन्हरहित पूर्णांकांसाठी एक क्रिया समाविष्ट झाली. दिलेल्या संख्येहून मोठा नसलेला असा दोनचा सर्वांत मोठा घात ती काढून देते. मूळ प्रस्तावात तिचे नाव ‘फ्लोअर-टू’ होते; मानकात ते ‘बिट-फ्लोअर’ झाले. हा बदल केवळ अभिरुचीचा नव्हे, अर्थाचा आहे.

या क्रियेस ‘राउंडिंग’ म्हणण्याचा प्रघात आहे. त्या शब्दाने प्रथम मनात येते ती निकटची गोल संख्या. येथे निकटतेचा संबंधच नाही. हिंगोली जिल्ह्यातील साखऱ्यासारख्या मराठवाड्याच्या गावांतून मेट्रिक पद्धती रूढ होण्यापूर्वी धान्याची मापे दुपटीची असत: दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. ज्वारी तेरा चिपटी असेल, तर पूर्ण भरणारे सर्वांत मोठे माप अधोली, म्हणजे आठ चिपटी. वस्तुतः तेराला आठापेक्षा सोळा अधिक निकट आहेत. तथापि तेरा चिपट्यांना पायली म्हणणारा मापारी लबाड ठरेल. उरलेल्या पाचांत एक शेर व एक चिपटे. द्विमान पद्धतीत तेरा ‘११०१’ असे लिहितात, ते हेच होय. प्रस्तुत क्रिया त्यातील डावीकडचा पहिला एक तेवढा राखते.

खरी कसोटी शून्याची. रित्या खळ्यावर कोणतेच माप भरत नाही. शून्याहून मोठा नसलेला दोनचा घातही अस्तित्वात नाही. अशा वेळी मानकातील क्रिया शून्य हेच उत्तर देते. शून्य हा दोनचा घात नव्हे. त्या उत्तराने भागणारा कार्यक्रम कोसळेल. ‘फ्लोअर-टू’ हे नाव दोनच्या घाताचे आश्वासन देत होते व शून्यापाशी ते मोडत होते. ‘बिट-फ्लोअर’ बिटापुरतेच बोलते. बिट नाही तर उत्तरही रिते. म्हणून नवी संज्ञा अधिक प्रामाणिक मानावी लागते.

तिची जोडीदार ‘बिट-सील’ मात्र शून्यास एक हे उत्तर देते. दोन्ही उत्तरे आपापल्या व्याख्येस धरून आहेत. परंतु नावांचे साम्य हा भेद झाकते. मराठीत प्रतिशब्द घडविताना हा दोष उचलू नये. ‘भरणारे मोठे माप’ व ‘मावणारे लहान माप’ या कल्पना भाषेत पूर्वीपासून आहेत. रित्या राशीसही मावण्यास माप लागते, भरण्यास नाही. हा भेद त्यांत आपोआप स्पष्ट होतो.