यायच्या आधीच पाहून झालेला पिक्चर



समीक्षा म्हटलं की समोर एखादा पिक्चर हवा, नाटक हवं, पुस्तक हवं, अशी आपली समजूत असते. आज आम्ही समीक्षा करणार आहोत ती वेगळ्याच गोष्टीची. जो पिक्चर अजून आलेलाच नाही, जी मालिका अजून सुरूच झालेली नाही, तिच्याबद्दल चाहते जे बोलतात त्या बोलण्याची. टीझर आला की एकेक फ्रेम थांबवून बघायची, पोस्टरच्या कोपऱ्यातली सावली कुणाची यावर वाद घालायचा, पुढच्या सीझनमध्ये कोण मरणार यावर पैजा लावायच्या. हा सगळा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे असं म्हणणारे पुष्कळ आहेत. आम्हाला तसं वाटत नाही. आमच्या मते ही चर्चा म्हणजे समीक्षेचा कच्चा खर्डा असतो. पण गेल्या काही वर्षांत या खर्ड्यातला प्रश्नच बदलत चालला आहे, आणि तो बदल पिक्चरलाही महाग पडतोय, आपल्यालाही. आजचं बोलणं त्यावर आहे.

आधी चांगलं काय ते बघू.

10 जुलै 2015 ला ‘बाहुबली’चा पहिला भाग आला. शेवटी कट्टप्पा कबुली देतो की बाहुबलीला मीच मारलं, आणि पडदा पडतो. दुसरा भाग आला 28 एप्रिल 2017 ला. म्हणजे जवळजवळ पावणेदोन वर्षं अख्खा देश एकच प्रश्न विचारत होता. ज्यांनी पिक्चर पाहिला नव्हता त्यांनाही तो पाठ होता. त्यावर विनोद झाले, तो टी-शर्टवर आला, हे सगळं खरं. पण त्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर काय करावं लागत होतं? पहिला भाग पुन्हा नीट बघावा लागत होता. कट्टप्पा हा सिंहासनाला बांधलेला गुलाम आहे, पूर्वजांच्या वचनात अडकलेला आहे, हे तिथं आधीच सांगून ठेवलेलं होतं. मग ज्याच्यावर पोटच्या पोरासारखी माया, त्याच्यावर हा माणूस तलवार कुणाच्या शब्दाखातर चालवेल? हा प्रश्न निष्ठेचा आहे, आज्ञेचा आहे. चहाच्या टपरीवर उभं राहून लोक पात्राच्या स्वभावाची चर्चा करत होते. वर्गात आपण तेच करतो, फक्त नाव जरा भारदस्त देतो.

दुसरं उदाहरण बाहेरचं. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबरीमालेतला पहिला खंड 1996 चा. त्यातल्या जॉन स्नोचे आईबाप सांगितले जातात ते नसावेत, हे वाचकांनी फार लवकर ओळखलं. पुरावे कोणते? मरणाऱ्या बहिणीनं भावाकडून घेतलेलं एक वचन, पुन्हा पुन्हा येणारी निळी गुलाबं, एक बुरूज. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेनं हे पडद्यावर कबूल केलं जून 2016 मध्ये. वीस वर्षं लोक पानं उलटून पालटून बघत होते. एका शब्दाचा अर्थ काय, तो इथंच का आलाय, यावर भांडत होते. याला सूक्ष्म वाचन म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

त्याच मालिकेचा शेवटचा सीझन 2019 मध्ये आला, फक्त सहा भागांचा, आणि चाहते चिडले. सीझन नव्यानं करा, अशी मागणी करणाऱ्या अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. इथं दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. ‘जे झालं त्याची पूर्वतयारी कथेत पुरेशी नव्हती’ ही तक्रार समीक्षेची आहे, आणि इतकी वर्षं इतकं बारकाईनं पाहणाऱ्यांना ती करायचा पूर्ण हक्क आहे. पण ‘परत बनवून द्या’ ही मागणी गिऱ्हाइकाची आहे. कपडा बसला नाही, बदलून द्या. समीक्षक चुकीचं काय ते सांगतो, माल परत करत नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आपल्या घरातलंही एक उदाहरण घेऊ, कारण चाहता म्हटलं की डोळ्यांसमोर कॉलेजचा पोरगाच येतो. संध्याकाळी मालिका बघणाऱ्या आई, मावशी, सासूबाई या तितक्याच पक्क्या चाहत्या असतात. प्रोमो बघून पुढच्या आठवड्याचं कथानक सांगण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. ‘होणार सून मी ह्या घरची’ ही मालिका 2013 ते 2016 चालली. तिच्यात जान्हवीचं गरोदरपण इतकं लांबलं, इतकं लांबलं की घरोघरच्या मोबाइलवर त्याचे विनोद फिरायला लागले. वरवर ती टिंगल होती. पण तिच्या पोटात नेमकं निरीक्षण होतं: गोष्ट संपली आहे, आता नुसतं पाणी घालताय. रोजच्या मालिकेच्या अर्थकारणावर इतकी नेमकी टीका आम्ही लेखातून क्वचितच वाचली आहे. आणि टीका करणाऱ्या बायका रात्री मालिका लावतही होत्या. प्रेम आणि परीक्षण एकाच सोफ्यावर बसलेलं होतं.

मग बिघडलं कुठं?

या तिन्ही ठिकाणी मुख्य प्रश्न एकच होता: ‘पुढं काय होईल?’ हा कथेचा प्रश्न. त्याच्या शेजारी दुसरा प्रश्न येऊन बसला: ‘दिसतोय कसा?’ हा ट्रेलरचा प्रश्न. आणि आता तिसरा आलाय, तो बाकीच्या दोघांना बाजूला सारतोय: ‘किती करेल?’

दुसऱ्या प्रश्नाची ताकद किती आहे ते 2019 मध्ये दिसलं. ‘सॉनिक द हेजहॉग’चा ट्रेलर एप्रिलच्या शेवटी आला. त्या निळ्या प्राण्याला माणसासारखे दात आणि बारके डोळे दिले होते. चाहत्यांनी एवढी हुर्यो उडवली की काही दिवसांतच दिग्दर्शक जेफ फाऊलर यांनी रूप बदलतो म्हणून जाहीर केलं. नोव्हेंबरचा पिक्चर पुढच्या फेब्रुवारीत गेला, रूप बदललं, पिक्चर चालला. झालं, चाहते जिंकले! पण रूप बदलायचं म्हणजे तो प्राणी जिथं जिथं दिसतो ते सगळं पुन्हा करायचं. ते करणारी माणसं त्या विजयाच्या गोष्टीत कुठंच नसतात.

आता याच्या शेजारी ‘आदिपुरुष’ ठेवा. ऑक्टोबर 2022 मध्ये टीझर आला, ग्राफिक्सची यथेच्छ चेष्टा झाली, जानेवारी 2023 ची तारीख जूनवर गेली, चित्रांवर पुन्हा काम झालं. आणि प्रदर्शित झाल्यावर लोक सर्वांत जास्त कशावर भडकले? संवादांवर. हनुमानाच्या तोंडी असली भाषा कशी, म्हणून. इतकं की निर्मात्यांना चालू पिक्चरचे संवाद बदलावे लागले. ट्रेलरमधून कातडं दिसतं, हाडं दिसत नाहीत. त्या टीझरवर सहा-आठ महिने बोलून आपण कातड्याची दुरुस्ती करून घेतली, आणि आतल्या दुखण्यावर बोलायला त्या चर्चेत जागाच नव्हती.

तिसरा प्रश्न मात्र सगळ्यांत गमतीचा, आणि आम्हाला विचाराल तर सगळ्यांत उदास करणारा. ‘आपल्या पिक्चरनं पहिल्या दिवशी किती केले?’ हा ‘आपला’ शब्द ऐका. गल्ला निर्मात्याच्या खिशात जातो, थिएटरवाल्याच्या खिशात जातो. तिकीट आपण काढलेलं असतं. तरी पिक्चर ‘आपला’ आणि आकडेही ‘आपले’. शुक्रवारचा आकडा, सोमवारची घसरण, ॲडव्हान्स बुकिंग, स्क्रीनची संख्या, हे शब्द पूर्वी वितरकांच्या ऑफिसात ऐकू यायचे. आता दहावीतली पोरं बोलतात.

हे असं का होतं याला व्यवहाराचं कारण आहे. 2009 मध्ये हिंदी निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्सवाले यांचं वाटणीवरून भांडण झालं. साधारण दोन महिने मोठे हिंदी पिक्चर मल्टिप्लेक्समध्ये आलेच नाहीत. शेवटी तडजोड झाली ती अशी: पहिल्या आठवड्याच्या कमाईत वितरकाला 50 टक्के, दुसऱ्यात 42.5, तिसऱ्यात 37.5, त्यानंतर 30. म्हणजे काय, तर प्रेक्षक जितका उशिरा येईल तितका निर्मात्याचा वाटा कमी. मग सगळा जोर कशावर येणार? पहिल्या आठवड्यावर. आणि पहिला आठवडा भरतो कशानं? पिक्चर चांगला आहे यानं नाही, कारण तो अजून कुणी पाहिलेलाच नसतो. तो भरतो आधीच्या चर्चेनं. आपलं कुतूहल हा त्या धंद्यातला कच्चा माल आहे. आणि आपण तो हौसेनं, फुकट पुरवतो.

यात मार बसतो तो लहान पिक्चरला. ज्याच्याबद्दल आधी कुणी बोललंच नाही, त्याला सकाळचा एखादा अडनिडा खेळ मिळतो. नोकरदार माणूस त्या वेळी कामावर. रिकाम्या खुर्च्या बघून थिएटरवाला पुढच्या आठवड्यात खेळ काढून टाकतो. मराठीतल्या कितीतरी पिक्चरबाबत आपण नंतर हळहळतो, ‘अरे, येऊन गेला? कळलंच नाही!’ कळलं नाही, कारण त्या आठवड्यात आपण दुसऱ्या कुणाच्या तरी टीझरच्या फ्रेमा मोजत होतो.

आणखी एक गोष्ट. आधीचं बोलणं वाढलं, तसं नंतरचं बोलणं आटलं. पूर्वी थिएटरातून बाहेर पडलं की घरी पोचेपर्यंत वाद चालायचा. आता पहिल्या दिवशी पाहून आलेल्याला आपण म्हणतो, ‘गप्प बस, स्पॉयलर देऊ नकोस.’ तो बिचारा गप्प बसतो. आठवड्यानं आपण पाहून येतो तेव्हा त्याचा उत्साह संपलेला असतो आणि पुढच्या पिक्चरचा ट्रेलर आलेला असतो. म्हणजे आधी बोलायचं कारण पाहिलेलं नाही, नंतर गप्प राहायचं कारण दुसऱ्यानं पाहिलेलं नाही. वेब सिरीजचं तर आणखी अवघड. 2013 मध्ये नेटफ्लिक्सनं ‘हाउस ऑफ कार्ड्स’चे तेरा भाग एका दिवशी टाकले, आणि मग ती रीतच पडली. एक जण दुसऱ्या भागावर, एक नवव्यावर, एकानं रात्रीत संपवलेली. बोलणार कसं? आठवड्याला एक भाग येत होता, तेव्हा मधले सहा दिवस आपले होते.

म्हणून आम्हाला ‘तुंबाड’ची गोष्ट मोलाची वाटते. राही अनिल बर्वे यांचा हा हिंदी पिक्चर, पण माती सगळी आपली, कोकणातला पाऊस, वाडा, पुण्यातले दिवस. ऑक्टोबर 2018 मध्ये आला तेव्हा गाजावाजा बेताचाच होता. पण ज्यांनी पाहिला ते बोलत राहिले. गोष्ट 1918, 1933 आणि 1947 या तीनच सालांत का सांगितली? ज्या वर्षी देश स्वतंत्र होतो त्याच वर्षी हा माणूस हावेच्या अगदी तळाशी का जातो? कणकेची बाहुली, तिच्यामागची भूक, बापाकडून मुलाकडे गेलेलं ते शिक्षण, यावर लोक सहा वर्षं एकमेकांना समजावत होते. सप्टेंबर 2024 मध्ये तो थिएटरात पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. शेवट माहीत असलेले लोक मुद्दाम पाहायला गेले, सोबत न पाहिलेल्यांना घेऊन. नंतरच्या बोलण्यानं पुढच्या खेळाची वाट तयार केली. ‘किती करेल’ हा प्रश्न न विचारताही त्यानं केले!

याचा अर्थ आधी बोलूच नका असा आम्ही काढत नाही. वाट बघण्यात मजा आहे, ती कुणी हिरावून घेऊ नये. आमचं मागणं एवढंच, की अंदाज असा बांधा की पिक्चरला तो खोटा पाडता येईल. ‘फ्लॉप जाणार’ हा अंदाज नाही, निकाल आहे. एकदा तो दिला की पिक्चर बघताना आपण फक्त पुरावे गोळा करतो. ‘कट्टप्पानं का मारलं असेल?’ हा अंदाज आहे, कारण तो बांधणारा माणूस थिएटरात हरायच्या तयारीनं जातो. बरेचदा हरतो आणि खूश होऊन परत येतो. समीक्षेत याहून जास्त काही लागत नाही: आपलं म्हणणं घेऊन जायचं, आणि समोरच्या कलाकृतीला ते मोडू द्यायचं.

तेव्हा पुढच्या वेळी टीझरवर तावातावानं बोलाल, ते कुठंतरी लिहून ठेवा. पिक्चर पाहिल्यावर ते पुन्हा काढा आणि ज्याच्याशी वाद घातला होता त्यालाच फोन करा. दोघांनी पाहिलेलं असेल तर स्पॉयलरचा प्रश्नच नाही, हवं तितकं बोला. आणि ज्याचा टीझर कुणीच फिरवला नाही असा एखादा मराठी पिक्चर त्याच्या पहिल्याच आठवड्यात बघा. सकाळचा खेळ असेल, रविवार बघून जा. आवडला नाही तर तसं सांगा, पण बघून सांगा.

आमचं बोलणं इथं थांबवतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.