धनुष्य कोणाच्या हाती?

एका खेळाच्या नियमपुस्तकाचे परीक्षण वाङ्मयीन मासिकात कशासाठी, असा प्रश्न वाचक विचारतील. आमचे उत्तर असे की, ज्या पुस्तकात पात्रांचे कूळ, पेशा, सामर्थ्य आणि मर्यादा ठरवून दिलेल्या आहेत, आणि ज्याच्या आधाराने चार माणसे एकत्र बसून कथा रचतात, ते वाङ्मयाच्या सीमेवर तरी खचित उभे आहे. शिवाय आपल्यापैकी पुष्कळांचे आयुष्य नियम, पोटनियम आणि अपवाद यांच्या संगतीत जाते. नियमाची भाषा काय सांगते आणि काय झाकते, हे ओळखण्याची सवय आपल्याला आहेच.

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केला. एक जण सूत्रधार होतो, इतर एकेक पात्र घेतात, आणि पात्राच्या धाडसाचे फळ फाशांवर ठरते. प्रत्येक पात्राला दोन ओळखी. एक वंशाची: मानव, एल्फ, ड्वार्फ, हाफलिंग. दुसरी 'क्लास'ची, म्हणजे पेशाची: योद्धा, धर्मगुरू, मांत्रिक, चोर. कोणी कोणते शस्त्र धरावे हे या ओळखींवरून ठरे. १९७८ च्या नियमपुस्तकात धर्मगुरूला बोथट शस्त्रेच तेवढी मोकळी होती. बाणाला टोक असते, म्हणून धनुष्य वर्ज्य. मांत्रिकालाही धनुष्य नाही. एल्फचा नेम मात्र जन्मतःच अधिक अचूक. १९८१ च्या प्राथमिक आवृत्तीत ड्वार्फ आणि हाफलिंग यांना लांब धनुष्य निषिद्ध होते. इतकेच नव्हे, तर ड्वार्फ, एल्फ, हाफलिंग हेच तेथे पेशे होऊन बसले होते. मानवाला पेशा निवडता येई. इतरांचा जन्म हाच त्यांचा पेशा. ही रचना मराठी वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही.

या निर्बंधांचे समर्थन असे केले जाते की, एकाच पात्राला सर्व काही येऊ लागले तर सोबत्यांची गरजच उरणार नाही. मांत्रिक आगीचे गोळे फेकतो, म्हणून त्याने बाण सोडू नये. योद्धा बाण सोडतो, म्हणून त्याला मंत्र नसावा. पेशाच्या निर्बंधापुरते हे समर्थन आम्हांस मान्य आहे. तेथे काही सोडावे लागते, पण त्याच्या बदल्यात काही मिळते, आणि ती निवड खेळणाराची स्वतःची असते. व्रताचे स्वरूप याहून निराळे नसते. आमच्या भिलाईत कोणास कोणत्या प्रकारचे घर मिळावे हे हुद्द्यावरून ठरते. त्याबद्दल कुरकुर होते. तथापि हुद्दा वाढतो, घर बदलते, आणि कुरकुर पुढच्या माणसाकडे जाते. जन्मावरून घातलेल्या निर्बंधाला ही वाट नसते. ड्वार्फ कितीही लढला, कितीही शिकला, तरी १९८१ च्या त्या पुस्तकात लांब धनुष्य त्याच्या हाती येत नाही.

आमचा वाङ्मयीन आक्षेप येथून सुरू होतो. 'करू नये' आणि 'करता येत नाही' ही दोन वाक्ये भिन्न आहेत. पहिल्यात मनाई करणारा कोणीतरी असतो; दुसऱ्यात तो नाहीसा होतो आणि त्याच्या जागी निसर्ग उभा केला जातो. नियमपुस्तक वंशाविषयी बोलताना नेहमी दुसऱ्या वाक्याचा आश्रय घेते. मनाईला कर्ता नाही, हेतू नाही, साक्षीदार नाही. म्हणून तीत नाट्यही नाही.

याउलट महाभारत पाहा. निषादराज हिरण्यधनूचा पुत्र एकलव्य धनुर्विद्या मागावयास आला, तेव्हा द्रोणाने त्याला निषाद म्हणून आणि आपल्या राजकुलीन शिष्यांकडे पाहून नाकारले. एकलव्याला धनुष्य 'येत नाही' असे व्यास कोठेही म्हणत नाहीत. उलट भुंकणाऱ्या कुत्र्याचे तोंड सात बाणांनी भरून तो मनाईचा फोलपणा सिद्ध करतो. मग अर्जुनाचे वैषम्य, द्रोणाची मागणी, आणि उजव्या हाताचा अंगठा. त्यानंतरही तो बोटांनी बाण सोडतो. फक्त पूर्वीची चपळाई राहत नाही. मनाई कोणी केली, कोणासाठी केली, तिची किंमत कोणी दिली, हे सारे कथेत नोंदलेले आहे. आणि ही मनाई करणारा द्रोण स्वतः ब्राह्मण असून धनुर्धर आहे! पेशाचा निर्बंध वरच्याने मोडला तर तो आचार्य ठरतो, खालच्याने मोडला तर अपराधी, ही विसंगती कवीने झाकलेली नाही.

कर्णाची गोष्ट याहून बोलकी आहे. द्रौपदीने स्वयंवरात 'सूताला वरणार नाही' असे म्हणून त्याला धनुष्यापासून परतविले, हा प्रसंग आपल्या मनात पक्का आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेल्या चिकित्सक आवृत्तीच्या संहितेत मात्र त्याला स्थान नाही. म्हणजे पुढील हातांनी ही मनाई कथेत भरली. नियम निसर्गाने केलेले नसतात, ते वाढविले जातात, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

कथा बाजूला ठेवून इतिहास पाहिला तरी हेच दिसते. १८७८ च्या शस्त्रकायद्याने सामान्य हिंदी माणसाला परवान्यावाचून बंदूक बाळगता येईना. युरोपियनांना सूट होती. १८५७ नंतर 'लढवय्या जातीं'चा सिद्धान्त बळावला. सैन्याच्या कागदांत 'क्लास' हा शब्द जातीसाठीच वापरला जाई. १८१८ साली कोरेगावच्या लढाईत इंग्रजांच्या बाजूने लढलेल्या महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाली. पहिल्या महायुद्धात ती गरजेपुरती उघडली, युद्धानंतर पुन्हा मिटली. अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. १९४६ साली तिला मशीनगन रेजिमेंट करण्यात आले, आणि एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या दोन व्हिकर्स मशीनगन्स तिच्या बोधचिन्हावर आल्या. ज्यांना बंदुकीस नालायक ठरविले होते, त्यांच्या हाती सुमारे अर्ध्या शतकात त्या काळची प्रबळ तोफबंदूक आली. निसर्ग इतक्या लवकर बदलत नाही. बदलला तो नियम.

निर्बंध नेमका दुरून मारणाऱ्या आयुधावर का पडतो? हाती धरून मारायचे ते शस्त्र आणि सोडून मारायचे ते अस्त्र, हा भेद आपल्याकडे जुना आहे. तलवारीला जवळ जावे लागते, आणि जवळ जाण्यात कूळ, कवच, घोडा यांचा उपयोग होतो. बाण यांपैकी काहीच विचारीत नाही. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड ११९९ साली एका किल्ल्याच्या तटावरून आलेल्या खटक्याच्या धनुष्याच्या बाणाने गेला. अंतर हे फार मोठे समीकरण आहे, आणि उच्चकुलीनांना समीकरणाची धास्ती असते.

न्याय म्हणून सांगावयास हवे की, नियमपुस्तकही सुधारले. २००० सालच्या आवृत्तीत कोणत्याही वंशाला कोणताही पेशा खुला झाला. २०२४ च्या आवृत्तीत 'वंश' हा शब्दच जाऊन त्या जागी जीवजातीचा वाचक शब्द आला, आणि एल्फला जन्मतः मिळणारी शस्त्रविद्याही गेली. केवळ शीर्षक बदलल्याने नियम बदलत नाही, हे आपण जाणतो. येथे नियम आधी बदलला, शीर्षक मागाहून. म्हणून ही सुधारणा आम्ही खरी मानतो. परंतु जुनी मनाई या पुस्तकाने नुसती वगळली. ती कोणी घातली होती, हे त्यातील कथेने सांगितले नाही. व्यासांनी ते सांगितले. त्यामुळेच केंद्र सरकारने आदिवासी मुलांसाठी काढलेल्या आणि या छत्तीसगडातही चालणाऱ्या निवासी शाळांना एकलव्याचे नाव देता आले. द्रोणाचे नाव त्या शाळांना कोणाला सुचले नसते.